हजेरीपटातला तारवटी

त्या शनिवारी चार वाजता माझी बायको रेजिना माझ्या पायाची नखं कापत होती. दर पंधरा दिवसांनी कापायची. मला वाकता येत नाही. माझे गुडघे बोटीच्या इंजिनरूममध्येच राहिले. मी पडवीत खुर्चीवर, ती खाली पाटावर, आणि माझा पाय तिच्या मांडीवर, जुन्या टॉवेलात. डाव्या पायाची पाचही झाली. उजव्याची दोन झाली आणि तिने हात थांबवला.

"ओ तारवट्यांनू," ती म्हणाली. "तारवटी म्हणजे कोण?"

"झाला सुरू," मी म्हटलं.

"दोन वळी सांगा. दोनच. मी लिवतंय."

"बोटीवर काम करता तो तारवटी. वीस वर्सा ह्याच सांगतंय तुका. आणखी काय करू? दर्यात उडी मारून दाखवू?"

"ह्या कामाचा नाव झाला. अर्थ खंय आसा?"

मी पाय ओढून घेतला. तीन नखं तशीच राहिली. ती म्हणाली, "बरा, मगे." नेलकटर पाटावर ठेवलं, गुडघ्याला हात देऊन उठली, आणि चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळाने दूध करपल्याचा वास आला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "गो, चाय!" ती काही बोलली नाही. मला वाटलं, रागावली.

डॉक्टर आला तेव्हा ती गेलेली होती. म्हणाला, हार्ट. मी आयुष्यभर पंप दुरुस्त केले, म्हणून मला ते लगेच कळलं. पटलं नाही ते वेगळं.

आता शाळेची स्मरणिका निघते आहे. भाऊसर तिचे संपादक. आमच्या शाळेचे रिटायर मुख्याध्यापक. ते म्हणाले, "इनास, टीचरांवर तूच लिही. मी शुद्ध करून घेईन." मी सांगितलं, लिहितो, पण शुद्ध केलंत तर कागद परत घेऊन जाईन. मी सहावीतून बोटीवर पळालेला माणूस. मला जसं येतं तसं येतं. तिने माझी पत्रं तीस वर्षं वाचली, एकदाही लाल पेन लावला नाही.

रेजिना टीचर म्हणजे काय होती ते शाळेतल्या मुलांना माहीत आहे. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची. खडू नव्हे, पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक काढलेली. कुणाचं गणित चुकलं तर "चूक" म्हणायची नाही. "परत बघ" म्हणायची. घरी मलाही तेच. मी आमटीत मीठ जास्त झालं म्हटलं की "परत बघा" म्हणायची, आणि मी गाढवासारखा परत चाखायचो.

पण तिचं खरं वेड घरात होतं. शाळेत एक वर्ष दोन वर्ग एकत्र केले आणि एक कोरा हजेरीपट उरला. लांबोडा, निळ्या पुठ्ठ्याचा. तो तिने मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला. त्यात मुलांच्या नावाच्या जागी शब्द लिहिले. आपल्याकडचे, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातले. शब्दापुढे त्याचा अर्थ, अर्थापुढे तो कुणी सांगितला त्याचं नाव, आणि पुढे महिन्यांचे रकाने. तो शब्द त्या महिन्यात कुणाच्या तोंडून ऐकला तर 'ह', हजर. नाही ऐकला तर रकाना रिकामा. स्वतः बोललेला धरायचा नाही. हा तिचा नियम. आणि अर्थही स्वतः घालायचा नाही. ज्याचा शब्द, त्याने सांगायचा. "मी मास्तरीण," म्हणायची. "माका सगळा येता. म्हणान माझा धरूचा नाय."

बाजारात मी तिच्याबरोबर जायचं सोडून दिलं होतं. कोळीण बोलता बोलता एखादा शब्द टाकायची की ही हातातला बांगडा परत पाटीत ठेवायची आणि अंबाड्यातली पेन्सिल काढायची. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. कोळीण म्हणायची, "टीचरानू, मासो घेतास की माका परीक्षेक बसवतास?"

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चर्चमधून मिसा ऐकून आलो की ती पडवीत बसून हजेरी घ्यायची. मोठ्याने. शेजारच्या जानकीला वाटायचं टीचरांची शिकवणी आहे.

"पडाव?" ती हाक मारायची. मग स्वतःच मान हलवायची. "गैरहजर. दोन वर्सा झाली."

पडाव म्हणजे पूर्वीची माल वाहणारी मोठी होडी. आता नाही. नाही तर नाही! पण हिचा चेहरा असा व्हायचा की एखादं पोर शाळेत यायचं बंद झालं आहे. मग कुणीतरी सांगितलं, खारेपाटणात एक म्हातारे आहेत, ते अजून पडावांच्या गोष्टी सांगतात. निघाली. मी छत्री धरायला. दोन एस. टी. बदलून गेलो. म्हातारे कानांनी जड. दोन तास त्यांनी आपल्या लघवीच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली. शब्द काही येईना. रेजिनाने बोलायचं कसं? ती बोलली आणि त्यांनी ऐकून परत म्हटलं, तर ते धरायचं नाही, असाही एक नियम होता. माझं पोट भुकेने कळवळत होतं. मी म्हटलं, "ऊठ गो, शेवटची गाडी चुकतली." आम्ही खळ्यात उतरलो तेव्हा म्हातारे मागून ओरडले, "त्या पिंपळाखाली बघून जावा. थंयच बांधीत पडाव."

तिने तिथेच उभ्याने 'ह' लिहिला. स्टँडवर मला दोन प्लेट भजी घेऊन दिली. परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. अशी ती फार वेळा झोपली नाही. मी असायचोच कुठे?

मी तीस वर्षं बोटीवर होतो. एकेका खेपेला दहा महिने, वर्ष. आम्हाला मूल नाही. त्यावर मी काही लिहिणार नाही.

तारवटी हा शब्द तिच्या हजेरीपटात पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत होता. तिच्या वडलांना लोक तारवटी म्हणत, माझ्या वडलांना म्हणत, मग मला म्हणू लागले. गोव्यात आमचे सोयरे आहेत, तेही तोच शब्द बोलतात. तो आला कुठून, याच्या मागे ती पुष्कळ फिरली. तारू म्हणजे जहाज, हे तर सगळ्यांनाच माहीत. तिची आजी म्हणायची, "तारवार गेलो," म्हणजे जहाजावर गेला. जो तारवावर जातो तो तारवटी. खाडीत होडी घालणारा तो तारी. तरणे, तारणे, सगळं एकाच घरातलं, असं ती म्हणायची, आणि लगेच, "ह्या माझा. पुस्तकाक विचारूक व्हया."

पुस्तकाला विचारण्याआधी ती आमच्या खाडीतल्या तारीला विचारायला गेली. पूल व्हायच्या आधी तो माणसं पलीकडे न्यायचा. पूल झाला तरी होडी काठाला बांधून रोज येऊन बसायचा. मी बरोबर होतो म्हणून ऐकलं.

तिने विचारलं, "तू तारी, ह्यो तारवटी. फरक काय रे?"

तो विडी पेटवत म्हणाला, "मी पलीकडे जातंय आनी जेवक घराक येतंय. ह्यांच्या जेवणाचा काय खरा नाय."

ती हसली, पण लिहिलं नाही. म्हणाली, "ह्या तारीन सांगितला. तारवट्यान सांगूक व्हया." आणि माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं.

तिथून सुरू झालं ते. वीस वर्षं. जेवताना, झोपताना, नखं कापताना.

मी का सांगत नव्हतो? आता सांगायला हरकत नाही, आता ती नाही. बोट सुटली की मला बरं वाटायचं. धक्का लांब जायला लागला की छातीवरचं ओझं उतरायचं. घर नाही, चर्च नाही, दवाखान्यातल्या तपासण्या नाहीत, कुणी "परत बघा" म्हणणारं नाही. इंजिन, पगार आणि रम. तारवटी म्हणजे माझ्यापुरता सुटलेला माणूस. हे बायकोला कसं सांगायचं? आणि तेही ती पेन्सिल घेऊन समोर बसलेली असताना? म्हणून मी "बोटीवर काम करतो तो तारवटी" म्हणायचो आणि ओरडायचो. ओरडलं की बायका पुढचं विचारत नाहीत, असं मला वाटायचं. ही विचारायची.

आता केराची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय रेजिना कळणार नाही.

आमच्याकडे घरातून मयत बाहेर पडलं की मागोमाग केर काढतात. जिवंत माणूस लांबच्या वाटेला लागला की मात्र काढत नाहीत. तो पोचल्याची खबर येईपर्यंत घराला केरसुणी लावायची नाही. हिंदूंच्या घरात हे आहे, आमच्या ख्रिस्तावांच्या घरातही आहे. इतर बायका संध्याकाळपर्यंत पाळतात, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. रेजिना शब्दाची पक्की. खबर म्हणजे खबर. तेव्हा फोन पोस्टात. मी मुंबईला पोचलो की पोस्टात फोन करायचा आणि पोस्टमनने येऊन सांगायचं, असं ठरलेलं.

एका खेपेला मी मुंबईला पोचलो, दोस्त भेटले, बोट मिळायला वेळ होता. आज करू, उद्या करू. मग एकदम बोट मिळाली आणि चढलो. फोन राहिला. पत्र टाकलं ते पुढच्या बंदरातून.

बावीस दिवस तिने घर झाडलं नाही. मार्च महिना, आंब्याचा मोहर गळतो ते दिवस. शिवाय आमच्याकडची वाळू. पडवीत पाय बुडायला लागले, असं जानकी सांगते. जानकी म्हणाली, "टीचरानू, मी झाडतंय. पाप माका लागांदे." रेजिनाने केरसुणी कपाटात घालून कुलूप लावलं. त्यातच शाळा तपासायला साहेब आले आणि दुपारी भाऊसर त्यांना जेवायला आमच्याकडे घेऊन आले. स्वच्छतेवर मुलांना धडे देणारी बाई, आणि तिच्या ओटीवर कचऱ्याचा थर! साहेब उंबऱ्यातच थांबले. "हे काय, बाई?"

ती शाळेतलं मराठी बोलली. "माझा तारवटी पोचल्याची खबर नाही. आपण पाय पुसू नका, सरळ या."

साहेब मोहरावरून चालत येऊन जेवले. सोलकढी दोनदा मागून घेतली म्हणतात.

हे मला वर्षाने कळलं, तेही तारीकडून, चार माणसांत. सगळे हसले. मी घरी येऊन तिला शिव्या दिल्या. माझी अब्रू घालवलीस म्हटलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अब्रू थंयच आसा. वायच धूळ बसली होती." एवढंच. माझ्या चुकीबद्दल एक अक्षर नाही. ती बोलली असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

त्यानंतर मी फोन चुकवला नाही. पण माफीही मागितली नाही. मागायची राहिली म्हणत नाही मी, मागितली नाही.

गेल्या काही वर्षांत तारवटीचे रकाने रिकामे राहायला लागले. आता पोरं क्रूझवर जातात. आमच्याच वाडीतला एक मुलगा गेला तेव्हा ही त्याच्या आईला कौतुकाने म्हणाली, "तुझो झील तारवटी झालो गो." ती बाई फणकारली. "टीचर, तोंड सांभाळून बोला. तारवटी म्हणजे दारुडे. माझो झील शेफ आसा." रेजिना घरी आली. मला म्हणाली, "ती काय खोटा बोलली नाय." मला ते लागलं. तिने लागावं म्हणूनच म्हटलं की काय, कोण जाणे.

शेवटी त्या शब्दाचे 'ह' मिळायचे ते फक्त जानकीकडून, तेही जानकीला दया यायची म्हणून. कुंपणावरून ओरडायची, "टीचरानू, तारवटी जेवलो काय?" रेजिना लिहायची, पण बारीक लिहायची. भीक तिला आवडत नसे.

मग या स्मरणिकेचं ठरलं. भाऊसरांना तिचे शब्द छापायचे होते. तिला मनापासून आनंद झाला. सगळा हजेरीपट तिने फुलस्केपवर उतरून काढला. पहिल्या ओळीत तारवटी, आणि अर्थाची जागा कोरी. भाऊसर आमच्या पडवीत बसून वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीवर अडले.

"टीचर, इथे खलाशी घालू."

"खलाशी वेगळा, सर."

"मग दर्यावर्दी घाला. भारदस्त आहे. वाचकाला लगेच दिसतं."

"दर्यावर्दी माझ्या घरात कधी जेवलो नाय," ती म्हणाली. सरांशी ती मालवणी बोलायची नाही, तेव्हा बोलली.

"अहो, पण अर्थ कुठे आहे? अर्थाशिवाय शब्द कसा छापू?"

तेव्हा ती जे म्हणाली ते मी आतून ऐकलं. मी आत पेपर वाचत होतो. "ज्याच्या मागे केर काढत नाहीत तो तारवटी."

भाऊसर हसले. "हा अर्थ नाही, टीचर. ही समजूत झाली. आणि तुमच्याच नियमाप्रमाणे तुमचा धरायचा नाही."

ती म्हणाली, "बरोबर आसा." कागद गोळा केले. "सांगणारो सांगीत नाय तोपर्यंत माझी यादी देवची नाय. एक नाव गाळून वर्गाची हजेरी घेणत नाय."

भाऊसर गेल्यावर ती आत आली नाही. बराच वेळ पडवीत बसून राहिली. मी पेपर वाचत राहिलो. कालचाच पेपर होता. मला बाहेर जाऊन म्हणता आलं असतं, लिही, माझ्या नावावर लिही. दोन ओळी. त्यात काय माझं जात होतं? पण ते वाक्य माझ्या तोंडात बसण्यासारखं नव्हतं. ज्याने बावीस दिवस खबर दिली नाही त्याने ते कुठल्या तोंडाने म्हणायचं?

हे झालं त्या आठवड्यातच तो शनिवार आला.

रविवारी तिला माती दिली. सगळी शाळा आली होती, जुनी मोठी झालेली मुलंसुद्धा. मयत घरातून निघालं की केर काढायला कुणीतरी मागे राहायचं असतं. जानकीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "टीचराक माती दिल्याशिवाय मी रवाचंय नाय," आणि चपला न घालताच आमच्या मागून आली. परत आलो तोपर्यंत दिवे लागले होते. तिन्हीसांजेला केर काढत नाहीत. राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि पडवीत आलो. वाळू होती, शंभर माणसांच्या पायांची. फुलांच्या पाकळ्या. मेणाचे थेंब. आणि पाटाच्या बाजूला माझी नखं, डाव्या पायाची पाच आणि उजव्याची दोन. नेलकटर कुणीतरी उचलून खिडकीत ठेवलं होतं.

जानकी पदर खोचून आली. केरसुणी तिच्या हातात.

"इनासबाब, वायच बाजूक व्हा. काल रवला."

"ठेव ती," मी म्हटलं.

"असा कसा? माणूस गेला काय झाडूक व्हया."

"नको झाडू. पोचल्याची खबर येवची आसा."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. ती हळू आवाजात बोलली, पोराला समजावतात तशी. "कोणाची खबर, बाबा?"

"टीचरची. तारवटी झाली ती."

"तारवटी?" जानकी म्हणाली. "टीचर?"

"ज्याच्या मागे केर काढीत नाय तो तारवटी," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सकाळच्या वेळी माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

जानकीने केरसुणी भिंतीला लावली आणि पायरीवर बसून रडायला लागली. मी आत गेलो. हजेरीपट तिच्या उशाशी होता. पेन्सिल सापडेना, मग आठवलं, ती अंबाड्यातच गेली. माझा पेन घेतला. पहिलं पान, पहिली ओळ. कोऱ्या जागेत मी ते वाक्य लिहिलं. माझं अक्षर मोठं, रकान्यात मावलं नाही, शेजारच्या रकान्यात गेलं. सांगणाऱ्याच्या नावात इनास लिहिलं. मग जानकीचा 'ह' त्या महिन्यात घातला. स्वतःचा नाही घातला.

मग खुर्चीवर बसून उजव्या पायाची उरलेली तीन नखं कापायला बघितलं. हात पोचला नाही.